समान हक्क की विशेष संरक्षण : स्त्रीवादी विचारप्रवाहांतील एक जुना वाद

स्त्रीवादाचे प्रवाह सांगण्याची एक रूढ पद्धत आपल्या पाठ्यपुस्तकांत आढळते. उदारमतवादी, समाजवादी, जहाल, कृष्णवर्णीय अशी नावे एकाखाली एक मांडावयाची आणि प्रत्येकापुढे दोन ग्रंथकार व दोन सन लिहावयाचे. अभिधम्माच्या अभ्यासकाला मातिकेचे वावडे असण्याचे कारण नाही. परंतु मातिका पाठ झाली म्हणजे विषय समजला असे होत नाही. कोणतीही राजकीय विचारप्रणाली कोणत्या मागणीपाशी येऊन दुभंगते हे पाहिले म्हणजे तिच्या शाखा खऱ्या अर्थाने ओळखता येतात, असे आम्हास वाटते. स्त्रीवाद दुभंगला तो एका अगदी व्यावहारिक प्रश्नावर. कारखान्यात आणि खाणीत राबणाऱ्या स्त्रीला कायद्याने पुरुषासारखेच वागवावे, की तिच्यासाठी वेगळे नियम करावेत? हा वाद अमेरिकेत सर्वांत कडवटपणे झाला. आणि तोच प्रश्न १९४४ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढे उभा राहिला. त्या दोन्ही घटना एकत्र ठेवून पाहण्याचा प्रस्तुत लेखात आम्ही प्रयत्न करीत आहोत.

आरंभीचा प्रवाह उदारमतवादी. १७९१ मध्ये ओलँप द गूज हिने फ्रान्समध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा काढला आणि १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. १७९२ मध्ये इंग्लंडमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टचा ग्रंथ आला, १८६९ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलचा. स्त्रीची बुद्धी मुळात उणी नाही, ती उणी दिसते ती शिक्षण व संधी नाकारल्यामुळे. म्हणून कायद्याने घातलेले अडसर काढा, हा या मंडळींच्या प्रतिपादनाचा गाभा. मताधिकार, मालमत्तेचा हक्क, विद्यापीठाचे दार या मागण्या त्यातून निघाल्या. या विचाराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र ज्या स्त्रीला काम करण्यास मज्जाव नव्हता, उलट बारा-चौदा तास कामच करावे लागत होते, तिच्याविषयी या विचाराजवळ फारसे सांगण्यासारखे नव्हते.

तिच्याविषयी बोलले ते कामगार कायदे. इंग्लंडमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना खाणीत उतरण्यास बंदी झाली. १८४४ च्या कारखाना कायद्याने प्रौढ स्त्रियांना अल्पवयीन कामगारांच्या वर्गात बसवून त्यांचे कामाचे तास मर्यादित केले. संरक्षण मिळाले खरे, पण ते अज्ञान बालकाला मिळावे तसे. समाजवादी स्त्रियांतही यावर एकमत नव्हते. क्लारा झेटकिन हिने १८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत स्त्रियांसाठी वेगळ्या संरक्षक कायद्यांना विरोध केला. सर्व कामगारांना भांडवलापासून जे संरक्षण हवे तेच स्त्रीलाही हवे, वेगळे नको, असे तिचे म्हणणे होते. पुढे चारच वर्षांत तिने हे मत बदलले. बेबेल आणि एंगेल्स यांच्या ग्रंथांपेक्षा झेटकिनचे हे मतांतर आम्हास अधिक बोधक वाटते. दास्याचे मूळ खाजगी मालमत्तेत आहे हे सिद्धांताने सांगितले, तरी उद्या सकाळी गिरणीत जाणाऱ्या गर्भवती स्त्रीचे काय करावयाचे, याचे उत्तर सिद्धांतात तयार नव्हते.

अमेरिकेत प्रश्न न्यायालयात गेला. १९०५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाव भाजणाऱ्या कामगारांसाठी केलेला दहा तासांचा कायदा रद्द ठरविला होता. मालक आणि मजूर यांच्या करारस्वातंत्र्यात सरकारने पडू नये, असे कारण देण्यात आले. त्यानंतर ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरी एका धुलाई कारखान्याच्या मालकाला, स्त्रीकडून दहा तासांहून अधिक काम करून घेतल्याबद्दल दहा डॉलर दंड झाला. दंड क्षुल्लक होता. खटला मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फ्लॉरेन्स केली हिच्या ग्राहक संघटनेने लुई ब्रँडाइस यांना वकील म्हणून उभे केले. जोसेफिन गोल्डमार्क हिने जमविलेल्या वैद्यकीय व कारखाना-निरीक्षकांच्या अहवालांनी भरलेले शंभराहून अधिक पानांचे निवेदन त्यांनी सादर केले. त्यातील निव्वळ कायद्याची चर्चा दोन-तीन पानांपलीकडे नव्हती. १९०८ मध्ये खटला जिंकला गेला. परंतु न्यायालयाने निकाल दिला तो मजुराची पिळवणूक होते म्हणून नव्हे. स्त्री शरीराने दुर्बल आहे, ती माता होणार आहे आणि सुदृढ संतती ही राष्ट्राची गरज आहे, म्हणून. जे पुरुषाला नाकारले ते स्त्रीला मिळाले, आणि ज्या कारणाने मिळाले त्याच कारणाने तिला इतर शंभर ठिकाणी नाकारता येणार होते. झालेही तसेच. न्यूयॉर्कमधील छापखान्यांत रात्रपाळीवर चांगला रोज मिळविणाऱ्या स्त्रियांवर रात्रीच्या कामाच्या बंदीमुळे गंडांतर आले. त्यांना त्या बंदीतून सूट मिळण्यास १९२१ साल उजाडले.

१९२० मध्ये मताधिकार मिळाला आणि लगेच फूट पडली. ॲलिस पॉल व तिच्या नॅशनल वुमन्स पार्टीने १९२३ मध्ये समान हक्कांची घटनादुरुस्ती पुढे आणली: लिंगावरून कायद्यात कसलाही भेद नको. फ्लॉरेन्स केली, स्त्रियांच्या कामगार संघटना आणि मजूर खात्याच्या स्त्री-विभागाची प्रमुख मेरी अँडरसन, जी स्वतः जोड्यांच्या कारखान्यात काम केलेली होती, या सर्वांनी तिला कडाडून विरोध केला. त्यांची भीती निराधार नव्हती. त्याच वर्षी वॉशिंग्टन शहरातील स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मताधिकार मिळाल्यामुळे आता स्त्री-पुरुषांतील भेद जवळजवळ संपुष्टात आले आहेत, असे कारण त्यात दिले गेले. त्या खटल्यात विली लायन्स नावाची एकवीस वर्षांची तरुणी वादी होती. एका हॉटेलात ती लिफ्ट चालवीत असे. महिना पस्तीस डॉलर आणि दोन वेळचे जेवण एवढे तिला मिळे. किमान वेतन याहून अधिक ठरल्यामुळे मालकाने तिला काढून टाकले आणि पूर्वीच्याच पगारावर काम करू द्या, अशी मागणी घेऊन ती न्यायालयात गेली. समतेच्या नावाने दिलेल्या त्या निकालाने हजारो स्त्रियांचा किमान वेतनाचा आधार काढून घेतला. तो निकाल उलटण्यास १९३७ साल यावे लागले.

या भांडणात दोन्ही बाजूंना न दिसलेली एक गोष्ट होती. संरक्षक कायदे लागू होते कारखान्यांना, धुलाईघरांना, दुकानांना. घरकामाला आणि शेतमजुरीला ते लागू नव्हते. आणि कृष्णवर्णीय स्त्रिया बहुसंख्येने नेमक्या याच दोन कामांत होत्या. म्हणजे 'संरक्षण हवे की नको' हा वाद ज्यांच्याविषयी चालला होता, त्यांत त्या नव्हत्याच. १९२१ च्या फेब्रुवारीत सुमारे साठ कृष्णवर्णीय स्त्रियांचे एक शिष्टमंडळ ॲलिस पॉलला भेटले. दक्षिणेकडील राज्यांत मताधिकार कागदावर मिळूनही आम्हाला मतदान करू दिले जात नाही, हा प्रश्न पक्षाने हाती घ्यावा, अशी त्यांची विनंती होती. हा वंशाचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नव्हे, असे उत्तर त्यांना मिळाले. आपल्या वाचकांना या उत्तराची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

येथे विनयपिटकाच्या अभ्यासकाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. भिक्षुणीने एकटीने दुसऱ्या गावी जाऊ नये, एकटीने नदी पार करू नये, रात्री एकटीने राहू नये, असा नियम भिक्षुणीविभंगात आहे. तिने अरण्यात राहू नये, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. हे नियम का झाले याच्या कथाही तेथेच दिल्या आहेत, आणि त्या बहुतेक अत्याचाराच्या कथा आहेत. अत्याचार करणारे संघाबाहेरचे धूर्त. ते विनयाच्या अधिकाराबाहेर. म्हणून नियम होतो तो पीडितेच्या हालचालींवर. संघाला दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता हे मान्य केले, तरी नियमाची घडण लक्षात घ्यावी. आधुनिक राज्याच्या हाती धूर्ताला शासन करण्याचे सर्व साधन होते, आणि तरीही त्याने पुष्कळदा हीच घडण स्वीकारली.

अमेरिकेतील हा वाद पेटत होता त्या काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात होते. १९१५ मध्ये तेथे स्त्रियांच्या मताधिकारावर सार्वमत होऊन तो फेटाळला गेला. त्यांचे गुरू जॉन ड्यूई हे मताधिकाराचे जाहीर समर्थक होते. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी मानवशास्त्राच्या परिसंवादात जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, तो स्त्रीवादी विचाराच्या इतिहासात सहसा मोजला जात नाही. तो मोजला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जात टिकते ती सजातीय विवाहाने. आणि सजातीय विवाह टिकवावयाचा तर जातीतील स्त्री-पुरुषांची संख्या समतोल ठेवावी लागते. नवरा मेलेली स्त्री या समतोलाला 'अतिरिक्त' होते. तिला जाळावयाचे, नाहीतर सक्तीच्या वैधव्यात कोंडावयाचे. आणि बायको मेलेल्या पुरुषासाठी लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी आणावयाची. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली म्हणजे जातीचे यंत्र चालविण्याच्या कळा होत, असा त्या निबंधाचा निष्कर्ष आहे. उदारमतवाद्यांनी मूळ कायद्यात पाहिले, समाजवाद्यांनी मालमत्तेत. येथे ते तिसऱ्याच ठिकाणी दाखविले आहे, आणि तेही निबंधकाराचे वय पंचवीस असताना.

बाबासाहेबांचे पुढील कार्य मात्र कोणत्याही एका प्रवाहात बसविता येत नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेकौन्सिलात त्यांनी प्रसूतिकालीन भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होतो, तेव्हा तिच्या विश्रांतीचा भार त्याने उचलणे योग्यच आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. हे विशेष संरक्षण होय. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आला आणि पडला. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. तिचे ठराव पाहावेत. घटस्फोटाचा अधिकार हवा आणि बहुपत्नीकत्वाला कायद्याने बंदी हवी, ही झाली उदारमतवादी मागणी. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, इजा झाल्यास भरपाई आणि वीस वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा पंधरा रुपये निवृत्तिवेतन हवे, ही झाली समाजवादी. गिरण्यांत स्त्रियांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात, ही मागणी कोणत्या प्रवाहात घालावयाची? मुकादमाच्या हाताखाली काम केलेल्या स्त्रीलाच ती सुचू शकते. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत राखीव जागा हव्यात, हेही तेथेच म्हटले आहे. वॉशिंग्टनमध्ये ज्या मागण्यांवरून दोन संघटना वीस वर्षे एकमेकींचे तोंड पाहत नव्हत्या, त्या नागपूरच्या मंडपात एका दिवसात एका सभेने संमत केल्या. यात गोंधळ नव्हता. घरातला नवरा आणि गिरणीतला मुकादम ज्या बाईला एकाच दिवसात भेटतात, तिला समतेपैकी किंवा संरक्षणापैकी एक निवडून भागत नाही.

परंतु इतिहास नेहमी इतका सोयीचा नसतो. त्याच जुलै महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. कोळशाच्या खाणींत जमिनीखाली स्त्रियांना काम देण्यास हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने बंदी येऊन १९३७ मध्ये ती पूर्ण झाली होती. युद्धकाळात कोळशाचा तुटवडा पडला. मजूर अधिक रोज देणाऱ्या लष्करी कामांवर निघून गेले. आणि १९४३ मध्ये सरकारने ती बंदी उठविली. झरिया-राणीगंजच्या खाणींत नवरा कोळसा फोडी आणि बायको टोपल्या भरून वाही, अशी जोडीने काम करण्याची जुनी रीत होती; ही कुटुंबे बहुधा आदिवासी आणि अस्पृश्य जातींची. बंदी उठताच देशात आणि ब्रिटिश पार्लमेंटात टीकेचे काहूर उठले. अखिल भारतीय महिला परिषदेने निषेध केला. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारच्या वतीने उत्तर देण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर आली. हा उपाय तात्पुरता आहे, असे त्यांनी सांगितले. आणि लिंगभेद न मानता समान कामास समान वेतन हे तत्त्व या उद्योगात प्रथमच मान्य झाले आहे, याकडे लक्ष वेधले.

या प्रसंगावरून काही अभ्यासक बाबासाहेबांची पाठराखण करण्यात आणि काही दोष देण्यात शक्ती वेचतात. आमच्या मते दोन्ही पक्ष खाणीकडे पुरेसे पाहत नाहीत. निषेध करणाऱ्या भगिनींचे म्हणणे खरे होते: जमिनीखालचे काम जीवघेणे होते. पण ते पुरुषालाही जीवघेणे होते, आणि बंदी येऊन त्या स्त्रियांचा रोजगार गेला तेव्हा पर्यायी रोजगारासाठी असा आवाज उठला नव्हता. दुसऱ्या बाजूस, समान वेतनाचे तत्त्व मोलाचे असले तरी ते युद्धाच्या निकडीतून आले होते आणि निकड संपताच त्याचा आधारही संपणार होता. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. मधल्या काळात खाण-कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा सुधारला गेला आणि खाणींच्या ठिकाणी पाळणाघरांची तरतूद करणारी दुरुस्ती झाली. वर्तमानपत्रांतील वादापेक्षा ती अधिक काळ टिकली.

संविधानात हा प्रश्न पुन्हा आला. कलम १५ च्या पहिल्या खंडात लिंगावरून भेदभावास मनाई आहे. तिसऱ्या खंडात स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची राज्याला मुभा आहे. अमेरिकेत परस्परविरोधी ठरलेल्या दोन गोष्टी येथे एकाच कलमात नांदतात. याविषयीचा एक प्रसंग कमी लोकांना ठाऊक आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी या विशेष तरतुदीत अनुसूचित जाती व जमातींचाही समावेश करावा, अशी दुरुस्ती सुचविली. हेतू चांगला होता. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. विशेष तरतूद म्हणून एखादे राज्य अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा काढील आणि त्यांना सामान्य शाळेबाहेर ठेवील, अशी त्यांची शंका होती. संरक्षणाच्या शब्दाआड वेगळे काढण्याची क्रिया कशी लपते, हे त्यांना कोणत्याही स्त्रीवादी ग्रंथातून शिकावे लागले नव्हते. पुढे १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने १५(४) आले, ते मद्रासच्या आरक्षण-आदेशावरील निकालानंतर. त्याच वर्षी सप्टेंबरात, हिंदू कोड बिल गुंडाळले गेल्यावर, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

नंतरच्या प्रवाहांविषयी थोडक्यात लिहितो. १९७० च्या सुमारास केट मिलेट आणि शुलामिथ फायरस्टोन यांनी दास्याचे मूळ कुटुंबात आणि शरीरसंबंधांत दाखविले. जहाल स्त्रीवाद तो हाच. अमेरिकेतील संरक्षक कायदे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर एकेक करून न्यायालयांत कोसळले, तरी वाद मिटला नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील गर्भवती कामगारांच्या रजेचा कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला, तेव्हाही स्त्रीवादी संघटना दोन बाजूंना होत्या. ही सवलत सर्व आजारी कामगारांना द्या, केवळ स्त्रीला नको, असे एका बाजूचे म्हणणे होते.

त्याहून महत्त्वाचा खटला १९७६ चा. जनरल मोटर्स कंपनीने मंदीत कामगार कमी केले, 'शेवटी आलेला प्रथम जाईल' या न्यायाने. कृष्णवर्णीय स्त्रियांना कंपनीने १९६४ पूर्वी घेतलेच नव्हते. साहजिकच १९७० नंतर घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया सर्व गेल्या. पाच जणींनी दावा लावला. कंपनीत पूर्वीपासून स्त्रिया आहेत, सबब लिंगभेद नाही. वंशभेदाचा दावा वेगळा लावा. दोन्ही मिळून तिसरा दावा कायद्याला ठाऊक नाही, असे न्यायालय म्हणाले. त्या जुन्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कचेरीत होत्या. १९८९ मध्ये विधिज्ञ किंबर्ले क्रेनशॉ हिने या निकालाचे विश्लेषण करून जी मांडणी केली, तिच्यावर आजचा कृष्णवर्णीय स्त्रीवाद बराचसा उभा आहे. त्याच वर्षी आपल्याकडे ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि नागपूर परिषदेतील स्त्रियांची नावे प्रथमच व्यवस्थित छापली गेली. १९९५ मध्ये गोपाळ गुरू आणि १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीच्या वेगळ्या भूमिकेची जी चर्चा केली, तिला या नावांचा आधार होता.

कायदा पुढे सरकत राहिला. रात्रपाळीस मनाई करणारी कारखाना कायद्यातील तरतूद मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये रद्द ठरविली. २०१९ मध्ये केंद्र शासनाने खाणीत जमिनीखाली स्त्रियांना दिवसा काम करण्याची परवानगी दिली. ती तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापकीय कामांपुरती होती. टोपली वाहणारी स्त्री तीत नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत स्त्रियांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत काम करता येईल, रात्रीचे काम तिच्या संमतीने, असे म्हटले आहे. आता सर्व भार त्या 'संमती' शब्दावर आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर दिवसाच्या रोजाने लागलेल्या स्त्रीची संमती कोणी, कशी घ्यावयाची, हे नियम करणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे. १९२३ मध्ये पस्तीस डॉलरांवर काम करण्यास विली लायन्स हिचीही संमतीच होती.